बांधातली वाम

६ ऑक्टोबर, सोमवार. दिवाळीच्या सुट्टीआधी कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या बरण्यांचं स्पिरिट बदलणं हे माझं काम. झाकणं घट्ट बसलेली असतात, वासानं डोकं धरतं, आणि बरण्यांतल्या प्राण्यांकडे वर्षातून एकदा नीट बघणारी मी एकटीच. यंदा त्यात भर पडली होती. सगळ्या बरण्यांना मराठी चिठ्ठ्या लावायच्या होत्या: नाव, शरीररचना दोन ओळींत, आणि कुठे सापडतो ते.

माशांच्या फळीवर एका बरणीत हातभर लांब, सापासारखी वाम काचेच्या पट्टीला दोऱ्यानं बांधलेली आहे. डोकं वर, समोर. शेपटी खाली वेटोळं करून पट्टीच्या मागे. जुन्या चिठ्ठीवर ‘गार्डन ईल, रेवस’ असं लिहिलंय. अक्षर कुंदाचं. आम्ही एका वर्गात होतो. हा मासा तिनंच तिच्या सासरहून आणून विभागाला दिला होता. मराठी नाव हवं म्हणून मी ‘बागवाम’ असा शब्द जुळवला, चिठ्ठीवर उतरवला, आणि मग बरणी उघडून मासा बाहेर काढला.

गार्डन ईल पेन्सिलीएवढी बारीक असते. स्वच्छ पाण्याखालच्या पांढऱ्या वाळूत ती शेपटीकडून शिरते आणि अर्धं अंग बाहेर काढून उभी राहते. अशा शेकडो जणी प्रवाहाकडे तोंड करून डोलत असतात, वाफ्यात रोपं उगवल्यासारख्या. म्हणून तिला बागेचं नाव. वाहत येणारं बारीक भक्ष्य टिपायचं असतं, म्हणून डोळे मोठे. तोंड लहान, वर वळलेलं. छातीवरचे पर जवळजवळ नसतातच. लाल समुद्र, मालदीव, अंदमान, पुढे इंडोनेशिया, अशी तिची वस्ती. पाणी काचेसारखं हवं, ही तिची अट.

रेवसचं पाणी काचेसारखं नाही. ते चहासारखं आहे, तोही दूध घातलेल्या.

माझ्या हातातला मासा अंगठ्याएवढा जाड होता. डोळे मोहरीएवढे, नाक टोकदार, नाकपुड्या वरच्या ओठातून खाली उघडलेल्या. छातीवरचे पर स्पष्ट. ही बागवाम असणं शक्य नव्हतं. बिळात उभं राहायची सवय मात्र दोघींची सारखी, आणि कुंदानं त्या वेळी बहुधा तेवढंच बघितलं असावं.

मी तिला फोन लावला.

“तुझी वाम गार्डन ईल नाही.”

“तीस वर्षांनी सांगतेस?”

“आत्ता बघितली.”

“म्हणजे तीस वर्षं पोरांना चुकीचं शिकवलंस. फी परत दे त्यांची.” मग ती थांबली. “वामेचं सोड गो. माझ्या बांधाला पाणी लागलंय. परवा दुपारी मोठं उधाण आहे. भात दाण्यावर आलंय आणि भोक सापडत नाहीय.”

उधाण म्हणजे पौर्णिमा-अमावास्येनंतर येणारी मोठी भरती. कुंदाची शेती खारजमिनीत आहे. खाडीच्या पाण्यापासून वाचवायला मातीचा बांध घातलेला असतो, त्याच्या आत भात. बांधातून एकदा खारं पाणी शिरलं की ते पीक जातंच, शिवाय पुढची दोन-तीन वर्षं तिथं धड काही होत नाही. कुंदा शाळेतून निवृत्त झाल्यापासून ही जमीन स्वतः बघते. नवरा उरणला कंटेनरच्या कामावर, तो शनिवारी येतो.

कुंदा मदत मागत नाही. ती फक्त सांगते. पण या वेळी फोन ठेवायच्या आत तिनं तेच दोनदा सांगितलं. मी दोन दिवसांची रजा टाकली, मासा पट्टीसकट प्लॅस्टिकच्या बरणीत घातला, बरणी टॉवेलात गुंडाळली. ज्याच्या गावाचं नाव लिहायचं, त्याला गावात नेऊन विचारावं, एवढाच विचार.

मंगळवारी दुपारी भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच पकडली. वर कापडी छत, खाली लाकडी बाकं, मध्ये कोंबड्यांच्या दोन पाट्या आणि एक कपाट, कोणीतरी नवं घेतलेलं. शेजारी एक बाई बसल्या होत्या. बुरखा, पायात स्पोर्ट्सचे बूट, मांडीवर दुबईच्या दुकानाची पिशवी. नाव जुलेखाबी. मुलाला विमानतळावर पोचवून परत निघालेल्या. त्यांनी माझ्या टॉवेलाकडे तीनदा बघितलं आणि मग विचारलंच.

“लोणचं हाय काय गो?”

“मासा आहे. स्पिरिटमधला.”

“या अल्ला! मुंबईवाले मासा असा नेतात आमच्याकडे?”

मी बरणी दाखवली. त्यांनी मान वाकडी करून बघितली.

“ही खायची न्हाय. मातीचा वास येतो. हातात पण ऱ्हात न्हाय. तू पुढनं धर, ही मागं जाते.” त्यांनी दोन बोटांनी हवेत माशाची चाल करून दाखवली, उलटी. “खायची वाम येगळी. ती मोठी, दातवाली. नारळाच्या रसात करायची.” आणि पिशवीतून खजुराचा पुडा काढून माझ्या हातावर चार खजूर ठेवले.

रेवसचा धक्का दिसायला लागला आणि लाँच थांबली. इंजिन घरघरलं, मागे काळं पाणी उसळलं, पण लाँच हलेना. ओहोटी पुरती लागली होती आणि धक्क्याजवळच्या गाळानं आम्हाला धरलं होतं. खलाशी पुढे येऊन म्हणाला, “पाणी चढेस्तवर बसा. कोणी उतरू नका, कमरेएवढा चिखल हाय.” उतरायचं कोणाच्या मनात नव्हतंच. कपाटवाल्यानं कपाटाला टेकून डोळे मिटले.

मला हा खोळंबा आवडला. डाव्या हाताला चिखलाचं मैदान उघडं पडलं होतं, संध्याकाळच्या उजेडात तव्यासारखं चकचकीत. त्यावर निवट्या (चिखलावर उड्या मारत फिरणारे बोटभर मासे) एकमेकांच्या अंगावर धावत होत्या. माझ्या छोट्या दुर्बिणीतून बघितलं तर सगळा चिखल भोकांनी भरलेला. काही भोकं आडवी, तोंडाशी मातीच्या गोळ्या पडलेली. ती खेकड्यांची. आणि मध्येच एखादं अगदी गोल, काठ गुळगुळीत, बाहेर मातीचा कण नाही. कोणी काठी खुपसून उपटावी तसं. ते कोणाचं, हे मला तेव्हा ओळखता आलं नाही. भोक गोल आहे एवढंच ध्यानात ठेवलं.

धक्क्यावर उतरायला अंधार पडला. कुंदा स्कूटर घेऊन उभी होती. केस पिकलेत, अंगकाठी तशीच. “बाटलीतल्या पाहुण्याला मागे धर,” म्हणाली आणि आम्ही धरमतरच्या खाडीच्या बाजूला, खड्डे चुकवत निघालो.

जेवायला तांबड्या तांदळाचा भात आणि निवट्यांचं कालवण होतं. निवटी खाताना काटे काढायचे नसतात, अख्खी चावायची असते. मी काढत बसले आणि बोलणी खाल्ली. जेवता जेवता कुंदानं सगळं सांगितलं.

गावाचा बांध घराघरांत वाटलेला आहे. ज्याचं शेत जेवढं, त्याच्या वाट्याला बांध तेवढा. ज्याचा वाटा त्यानं राखायचा. दुसऱ्याच्या वाट्याला न विचारता हात लावायचा नाही. लावला तर त्याचा अर्थ, तुझ्यानं राखवत नाही. भोक पडलं तर मातीचा पहिला गोळा वाटेकऱ्यानं ठेवायचा. त्यानं तो ठेवला की मग तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकानं हात लावलाच पाहिजे, भांडण असलं तरी.

“आणि भांडण आहे,” मी म्हटलं.

“आहे.”

कुंदाच्या वाट्याला लागून तिच्या धाकट्या दिराचा वाटा. जनार्दन, गावात जनूभाऊ. सासरे गेल्यावर वाटणी झाली, तेव्हा कुंदा म्हणाली होती की जनूच्या वाट्याचा बांध कच्चा आहे, तो धड राखत नाही. ते त्याला लागलं. आता पंधरवड्यापासून नेमकं दोघांच्या हद्दीपाशी तिच्या शेतात पाणी झिरपतंय. बाहेरच्या बाजूला जनूच्या वाट्यात भोक सापडलं. त्यानं बुजवलं. दोन दिवसांनी हातभर अंतरावर दुसरं. तेही बुजवलं. मग तिसरं.

“तो म्हणतो, मी पाडते.”

“काय?”

“भोकं. पहारीनं. त्याचा वाटा कच्चा आहे हे गावाला दाखवायला.” कुंदानं कालवणाची वाटी माझ्याकडे सरकवली. “चार लोकांत बोलला. मी पण बोलले, की तुझे गोळे पाण्यात विरघळतात, त्यात पेंढा घाल. तेव्हापासून बोलणं बंद.”

“पहारीनं का म्हणाला? कुदळीनं का नाही?”

“भोकं गोल आहेत म्हणून. अगदी साच्यातून काढल्यासारखी.”

मी हात धुतला आणि बरणी आणली. मासा ताटलीत काढला आणि पट्टी उलटी करून पहिल्यांदा मागच्या बाजूनं बघितला. माशाच्या शेपटीला पंख्यासारखा पर असतो. हिला नाही. पाठीवरचा आणि पोटाखालचा पर टोकाच्या जरा अलीकडेच संपतात आणि पुढे उघडं टोक उरतं. मी त्यावर नखानं टकटक केली. सुपारीसारखं कडक. कुंदाला बोट लावायला सांगितलं.

“अगं, हे खिळ्यासारखं आहे.”

“हिला दोन्हीकडून टोक आहे. ही मागे खणते. जनूभाऊ तिचं तोंड बुजवतात, ती मागच्या मागे दुसरं बीळ पाडून निघते.”

कुंदानं टोक पुन्हा एकदा दाबून बघितलं. “आम्ही खेकडाच धरून चाललो होतो. खेकड्याचं बीळ बुजवलं की काम संपतं.”

“तू प्राणिशास्त्र घेतलं होतंस.”

“तूही. आणि तीस वर्षं तिला बाग लावून दिलीस.”

बुधवारी सकाळी ओहोटी असताना आम्ही बांधावर गेलो. आतल्या बाजूला भात कमरेएवढं, लोंब्या वाकलेल्या, पिवळेपणा नुकता चढत होता. बाहेरच्या बाजूला चिखल, त्यापुढे तिवरांची (खारफुटीची) झाडी आणि मग खाडी. मध्ये पुरुषभर उंचीचा मातीचा बांध, वरून दोन माणसं जेमतेम शेजारी चालतील एवढा. भाताच्या कडेला, बांधाच्या पायाशी जमीन ओली होती. तिथल्या मूठभर लोंब्या करपून पांढऱ्या पडल्या होत्या. कुंदानं एक लोंबी बोटांत दाबली. दाणा फोल.

जनूभाऊ आधीच आले होते. उंच, हाफ पँट, डोक्याला टॉवेल. त्यांच्या वाट्यावर चिखलाचे गोळे ओळीनं रचलेले, नारळाएवढे, प्रत्येकातून पेंढ्याची टोकं बाहेर आलेली. पेंढा भरपूर होता. कुंदानं ते बघितलं आणि तोंड खाडीकडे वळवलं.

“बाई मुंबईच्या काय?” त्यांनी मला विचारलं. कुंदाकडे बघितलं नाही.

“हो. कुंदाची मैत्रीण. भोक बघायला आलेय.”

“बघा की. पहार घरी ठिवून आलात न्हवं?”

“मुंबईच्या लाँचमध्ये पहार आणू देत नाहीत,” मी म्हटलं. ते हसले नाहीत, पण वाट दिली.

त्यांनी बुजवलेली तिन्ही भोकं शाबूत होती. गोळे घट्ट, एकही विरघळलेला नाही. म्हणजे काल-परवाचं पाणी यातून आलेलं नव्हतं. पहिलं भोक हद्दीपासून सगळ्यात लांब, दुसरं अलीकडे, तिसरं त्याच्याही अलीकडे. तिन्ही एका रेषेत कुंदाच्या वाट्याकडे सरकत आलेली. मी त्याच रेषेनं पुढे गेले. हद्दीचा दगड ओलांडला. कुंदाच्या वाट्यात खेकड्यांची पाच-सहा आडवी भोकं होती, आणि त्यांच्यामध्ये, तिवराच्या एका मुळाखाली, एक गोल.

“कुंदा, हे तुझ्यात आहे.”

“तिथं खेकडे आहेत.”

“हे गोल आहे.”

जनूभाऊ वरून वाकून बघत होते. ते कुंदाला झोंबलं.

खात्री करायची होती. कुंदाच्या घरात अंगण सारवून कडेला ओढायचा गेरू होता. तो बादलीभर पाण्यात कालवून आणला. आधी खेकड्यांच्या भोकांत ओतला. काही झालं नाही, पाणी तिथंच जिरलं. मग गोल भोकात तांब्यानं हळूहळू ओतला. जनूभाऊ आतल्या बाजूला भातात उतरून उभे राहिले. बोलावलं कोणी नव्हतं. अर्धी बादली संपली आणि ते ओरडले, “आलं! तांबडं आलं!”

आम्ही बांधावर चढून बघितलं. करपलेल्या लोंब्यांच्या बुडाशी गेरूचं पाणी पाझरत होतं.

कुंदा तडक गोळा उचलायला वळली आणि थांबली. तिच्या वाट्यावर एकही गोळा नव्हता. भोक दिराकडचं आहे अशी तिची इतकी खात्री होती की तिनं माती मळलीच नव्हती.

“आत्ता बुजवू नकोस,” मी म्हटलं. “ती आत आहे. बुजवलंस तर आज उधाणात चौथं पाडेल, आणि ते कुठे ते आपल्याला कळणार नाही. आधी तिला काढू, मग बुजवू.”

“आणि काढायची कशी?”

“ते मला माहीत नाही. पाणी आलं की ती तोंडाशी येणार, खायला. एवढं माहीत आहे.”

“गळानं,” जनूभाऊ म्हणाले. बांधाला सांगावं तसं. मग मला, “बाई, पण पाणी भोकाशी यायला पायजे. म्हणजे आत पण जानार. वैनीचं भात हाय.”

हाच सगळा पेच होता. भोक उघडं ठेवायचं, म्हणजे खारं पाणी हातानं शेतात घ्यायचं. किती वेळ, ते वाम ठरवणार. कुंदानं एकदा बांधाच्या आत बघितलं, एकदा तिवरांकडे. तिथं पाणी चढायला लागलं होतं.

“ठेवा उघडं,” ती म्हणाली.

पाणी आत आलं तरी पसरू नये म्हणून आम्ही दोघींनी झऱ्याभोवती चिखलाचा गोल वरंबा घातला, गुडघ्याएवढा. हौदासारखा. त्यासाठी आतलं भात दोन चुड, म्हणजे दोन झुबके, उपटावं लागलं. कुंदानं ते स्वतः उपटलं आणि बांधावर नीट ठेवलं. जनूभाऊंनी एक चिंबोरी (खाडीतला मोठा खेकडा) फोडून तिचा पाय गळाला लावला आणि गोल भोकाजवळ बाहेरच्या उतारावर जाऊन बसले, पाय चिखलात रुतवून. भोक कुंदाच्या वाट्यातलं. पण गळ टाकणं म्हणजे बांधाला हात लावणं नव्हे, असं त्यांनी मला समजावलं. विचारलं नव्हतं तरी.

मग वाट बघणं. ऊन तापलं. पाणी तिवरांच्या मुळांत शिरलं, चिखलावरच्या निवट्या वर वर सरकत बांधाला आल्या. कुंदानं डब्यातून घावनं (तांदळाची धिरडी) काढली आणि किटलीतून गुळाचा चहा ओतला. तिनं एक घावन पानावर ठेवून माझ्याकडे दिलं आणि मानेनं खाली दाखवलं. मी ते जनूभाऊंना नेऊन दिलं. त्यांनी खाल्लं. “मीठ जरा कमी हाय,” म्हणाले, मोठ्यानं.

“खाडी शेजारीच आहे म्हणावं,” कुंदा वरून म्हणाली, माझ्याकडे बघून.

पाणी भोकाला लागलं तेव्हा आधी बुडबुडे आले. मग आत, कुंदाच्या भातात, झरा वाहता झाला. पहिल्यांदा गेरू धुऊन तांबडा, मग गढूळ. मी हौदाशी बसले होते. पाणी घोट्याएवढं झालं, मग त्याच्या वर. वरंब्याच्या एका बाजूला माती ओलसर होऊन खचायला लागली, ती मी हातानं दाबून धरली.

“आली का?” कुंदानं विचारलं.

“न्हाय.”

थोड्या वेळानं पुन्हा, “आली का?” या वेळी तिनं थेट त्यांनाच विचारलं होतं.

“न्हाय वैनी. दम धरा.”

हौद निम्मा भरला. झऱ्याचं तोंड आता रुंद व्हायला लागलं होतं. मातीचे बारीक तुकडे सुटून येत होते. हे असंच वाढत जाऊन बांधाला खांड पडते (बांध फुटून वाट पडते), आणि मग गोळ्यांनी काही होत नाही. मी हे कुंदाला सांगितलं. तिचा चेहरा बघायला मला सवड नव्हती. तिचा आवाज तेवढा आला, “अजून थोडं.”

जनूभाऊंच्या हातातली दोरी एकदम ताठ झाली.

“ओढू नका!” मी वरून ओरडले. “ती आत शेपटी रुतवून धरते. ओढलंत तर तुटेल किंवा मागे जाईल. नुसतं ताणून धरा.”

त्यांनी ताणून धरलं. दोरी थरथरत होती, पाणी त्यांच्या छातीशी आलं होतं. वाम वीतभर बाहेर यायची आणि पुन्हा तेवढीच आत जायची. त्यांनी घाई केली नाही. ती सैल पडली की बोटभर दोरी घ्यायची, ती ताणली की थांबायचं. शेवटी एकदाची ती सबंध बाहेर आली, हाताच्या लांबीहून जास्त, मातकट पिवळी, आणि दोरीभोवतीच वेटोळी झाली. त्यांनी ती बांधावर भिरकावली. मी बादलीत घातली.

“बुजवा!”

कुंदा उतारावर होतीच. पहिला गोळा तिनं ठेवायचा होता, आणि तिच्याकडे गोळा नव्हता. दीर चार हातांवर उभा, त्याच्या मागे त्याच्या गोळ्यांची ओळ. पाणी भोकातून आत ओढलं जात होतं, त्याचा भोवरा दिसत होता.

“भावजी,” कुंदा म्हणाली, “गोळा द्या.”

जनूभाऊंनी गोळा उचलला आणि धरूनच ठेवला, क्षणभर. “माझे कच्चे हायेत न्हवं?”

“पक्के आहेत. द्या.”

त्यांनी दिला. तिनं तो भोकात ठेवून टाचेनं दाबला. आणि मग नियमाप्रमाणे त्यांनी हात लावला. एक देत होता, एक ठोकत होती, मग तो ठोकत होता आणि ती देत होती. मीही वरून गोळे पुरवले. ओले गोळे चांगलेच जड असतात. आतला झरा बारीक झाला, दोऱ्यासारखा झाला, आणि थांबला. मी हौदात बोट बुडवून बघत राहिले. पाणी हलत नव्हतं.

उधाण बांधाच्या माथ्यापासून हातभर खाली येऊन टेकलं. खाडी आणि शेत यांच्यामध्ये तेवढीच माती उरली होती. आम्ही तिघंही वर बसून होतो. मग पाणी उतरायला लागलं, तेव्हा कुंदानं हौदातलं खारं पाणी तांब्यानं उपसून बांधावरून बाहेर टाकलं, शेवटच्या तांब्यापर्यंत.

बादलीत मी चिखल घातला होता. वाम त्यावर पडून होती. जनूभाऊ बघायला वाकले, आणि त्याच वेळी तिनं शेपटीचं टोक चिखलाला टेकवलं, एक हिसका दिला, आणि मागच्या मागे आत गेली. डोकं न वळवता. चिखलात एक गोल भोक राहिलं, काठ गुळगुळीत, आणि त्यात दोन मोहरीएवढे डोळे.

“आयला,” ते म्हणाले. मग कुंदाला म्हणाले, “म्हंजे पहार न्हाय.”

“नाही.”

“मी सांगन लोकांना.”

“सांगा,” ती म्हणाली. “आणि गोळ्यांत पेंढा असतो, ते मी सांगते.”

बादली त्यांनी उचलली. मी विचारलं कुठे, तर म्हणाले तिवरांच्या पल्याड सोडतो, तिथं बांध न्हाय. मला नवा नमुना मिळाला असता. पण बरणी एकच आहे, आणि ती भरलेली आहे.

दुपारच्या लाँचनं परत निघाले. भरतीचं पाणी अजून बरंच होतं, त्यामुळे धक्क्याशी काही अडलं नाही. कुंदानं तांबड्या तांदळाची पिशवी दिली होती, उपटलेलं भात मात्र दिलं नाही. ते ती वाळवणार आहे, बघायचं म्हणे, दाणा किती भरलाय. लाँच मधोमध गेल्यावर मागे वळून बघितलं तर किनारा म्हणजे झाडांची एक बारीक रेघ. बांध कुठला हे ओळखू येत नव्हतं. त्या रेघेच्या आत अशी किती शेतं आहेत आणि प्रत्येक हातभर बांध कोणाच्या वाट्याचा आहे, हे लांबून बघणाऱ्याला कधीच कळणार नाही. मलाही दोन दिवसांपूर्वी माहीत नव्हतं, आणि मासा त्याआधी तीस वर्षं माझ्या फळीवर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर प्रयोगशाळेत गेले. ‘बागवाम’ लिहिलेली चिठ्ठी फाडली. नवी लिहिली: बांधातली वाम. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून पॅसिफिकमधल्या बेटांपर्यंत. खाड्या, नदीमुखं आणि खारजमिनीतली भातशेतं. शेपटीला पर नाही, टोक कडक, बीळ शेपटीनं खणते. मग दोरा कापला, मासा काचेच्या पट्टीवरून सोडवला आणि पुन्हा बांधला, या वेळी डोकं खाली, मागच्या बाजूला. शेपटी वर, समोर. झाकण बसवलं आणि बरणी फळीवर ठेवली.